विचारणारी खिडकी

…आणि नेरियोचं नाव खोडू नकोस, ग्रेस्मार. मघापासून बघतेय, तुझं बोट तिकडेच वळतंय. भांडण होईल म्हणतेस, तर होऊ दे. ज्यानं केलं त्याचं नाव लिहायचं नाही आणि जिनं केलं नाही तिचं नाव पुसून टाकायचं, असं चाललंय म्हणून तर तुला इथं बसवलीय. मला लिहिता येत असतं तर तुझे पाय धरले नसते. ते मांजर खाली ठेव आणि लिही.

वाचणाऱ्यांना आधी लिस्बेइदा कोण ते कळू दे. लिस्बेइदा फिनोल. आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून. घरात दोन म्हाताऱ्या, आई नेल्वा आणि मावशी, आणि कमावणारी ही एकटी. बाप टँकरवर होता, तो लवकर गेला. पोरगी झेरॉक्सची मशिनं दुरुस्त करायच्या दुकानात लागली. हात काळे करून यायची, आणि त्याच काळ्या हातांनी बसून प्रोग्राम लिहायला शिकली. कुणी शिकवलं नाही. आता वय चौतीस. बोलायला फटकळ. लग्नाचं विचारलं तर म्हणते, "एग्ला आजी, आधी लाइट तरी टिकू दे, मग नवरा टिकतो का बघू."

ती माझ्या घरात का बसते, तर आमचं घर इस्पितळाच्या लाइनीवर आहे. आमच्या माराकाइबो शहरात हे ज्याला कळतं त्याला सगळं कळतं. गल्लीची लाइट दिवसातून तीनदा जाते, आमची एकदा. म्हणून सात वर्षं झाली, माझ्या शिलाईच्या मशिनीशेजारी तिचं टेबल आहे. माझं मशीन पायाचं, त्याला लाइटशी काही देणंघेणं नाही. मी पाय मारते, ती टकटक करते.

ती काय करते ते मी माझ्या भाषेत सांगते, चुकलं तर ग्रेस्मार, तू मध्ये बोलू नकोस. प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांचं एक लिहायचं मशीन असतं, कॉम्प्युटरच्या आत. त्याला एडिटर म्हणतात. माझ्या मशिनीला जसं काज करायचं वेगळं फूट लावता येतं, मशीन तेच, नुसता एक तुकडा बसवायचा आणि नवं काम होतं, तसे त्या एडिटरलाही तुकडे लावता येतात. प्लगइन म्हणतात. लिस्बेइदा ते तुकडे करते. तिनं केलेल्या एका तुकड्याचं नाव वेला, म्हणजे मेणबत्ती. का, तर लाइट गेली की बाकीच्यांचं लिहिलेलं जायचं. वेला लावली की प्रत्येक अक्षर बोट उचलायच्या आधी जपून ठेवलेलं. लाइट आली की बोट जिथं होतं तिथंच सगळं उघडं. शिवाय रोजच्या जुन्या प्रती ठेवायची, कितीही मागचं काढून बघा. इथल्या पोरांनी डोक्यावर घेतली ती मेणबत्ती. आमच्या शहराच्या मोठ्या तळ्याच्या पलीकडून, कुठल्या कुठल्या देशातून, जिथं जिथं लाइट जाते तिथून चिठ्ठ्या यायच्या तिला.

आता मुद्द्याचं. त्या वेलाला सेटिंगची एक खिडकी होती. खिडकी म्हणजे पडद्यावर चौकट उघडते ना, तुला काय कसं हवं ते सांगायला, ती. मशिनीला टाक्याची लांबी असते, दोऱ्याचा ताण असतो, तसंच. जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या तो आकडा त्या खिडकीत. सगळ्या जगाच्या खिडक्यांना खाली दोन बटणं असतात म्हणे, 'मान्य' आणि 'रद्द'. लिस्बेइदाच्या खिडकीला नव्हती. तू आकडा बदललास की तिथल्या तिथं बदलला.

मी एकदा विचारलं, "बाकीच्यांना बटणं आहेत, तुझ्याच खिडकीला का नाहीत?"

"आजी, आकडा लिहिला आणि मान्य म्हणायच्या आधी लाइट गेली तर? पुन्हा सगळं लिहायचं?"

बरोबर होतं. आमच्याकडे कुणी मान्य म्हणायला थांबत नाही. पाणी आलं की आधी बादली लावायची, मग विचार. माझ्या मशिनीचा स्क्रू फिरवला की ताण बदललाच, मशीन काय मला विचारायला येतं?

पण पोरगी मूर्ख नव्हती, हे लिही. लिहिलंस? पोरगी मूर्ख नव्हती. जुन्या प्रती फेकून द्यायचं काम ती लगेच करत नसे. दुसऱ्या दिवशी एडिटर उघडला की आधी एक दुसरी खिडकी यायची आणि विचारायची: इतक्या इतक्या जुन्या प्रती जातील, जाऊ देऊ का? ही विचारणारी खिडकी तिनं माझ्यावर तपासली. माझ्यावर, जिला अ कळत नाही. मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आजी, हे समोर आलं. काय कराल?"

"मला वाचता येत नाही, बये."

"म्हणूनच. काय कराल?"

"ते मोठं रंगीत दाबीन, म्हणजे जाईल एकदाचं."

ती हसली. "बस. वाचता येणारे पण हेच करतात." आणि त्या दिवशी तिनं मोठ्या रंगीत बटणावर 'राहू द्या' लिहिलं आणि कोपऱ्यात बारीक 'जाऊ द्या'. म्हणजे घाईत कुणी काही दाबलं तरी कुणाचं काही जाणार नाही. एवढा विचार. त्यासाठी चार दिवस माझ्या खुर्चीत मला बसवून, बटणं इकडून तिकडे सरकवून, "आता काय दाबाल, आता काय दाबाल." माझ्या दोन विजारी त्यात उशिरा गेल्या आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या मी खाल्ल्या.

आता नेरियो. नेरियो ब्राचो. समोरच्या घरातला. त्याची आई कामावर जायची तेव्हा हा माझ्या स्वयंपाकघरात वाढला. माझ्या हातच्या मांदोका, त्या गोड तळलेल्या कड्या, चीज लावून सहा सहा खायचा आणि तेलकट हात माझ्या पडद्याला पुसायचा. मोठा झाला, सीमेपलीकडे बोगोताला गेला, तिथं एका कंपनीत साहेब झाला. झाला ते चांगलंच झालं. त्यानंच लिस्बेइदाला फोन केला की तुझी वेला आमच्या कंपनीला दे, तू पण नोकरीत ये, तिथंच माराकाइबोत बसून काम कर, पगार नियमित. आम्ही सगळे खूश. नेल्वा तर चिनीता आईच्या देवळात चालत गेली, त्या उन्हात. मी पण म्हटलं, आपल्या गल्लीचा पोरगा आहे, आपली कदर करेल. खाल्ल्या घराचे वासे मोजणारा निघेल हे कुणाला ठाऊक.

दीड वर्ष बरं चाललं. मग एका मंगळवारी दुपारी तो पडद्यावर आला, तोंड दिसत होतं, मी शेजारीच कॉलर लावत होते. मला म्हणाला, "एग्ला मावशी, कशा आहात," आणि माझं उत्तर ऐकायच्या आधी तिच्याकडे वळला.

"लिस, ती विचारणारी खिडकी काढून टाकायची आहे. लोक वैतागतात. कुणी वाचत नाही ते."

"वाचत नाहीत म्हणूनच तशी केलीय. वाचलं नाही तरी नुकसान नाही."

"आणि सफाई दुसऱ्या दिवशी नको, लगेच व्हायला हवी. लोकांची जागा भरते, तक्रारी येतात."

लिस्बेइदा सरळ बसली. "नेरियो, ऐक. आकडा आपण लिहिता लिहिता साठवतो. एकेक अंक. त्यात सफाई पण लगेच केलीस आणि विचारणं काढलंस, तर घोटाळा होईल. दोन्हीतलं एक ठेव."

"तू फार घाबरतेस. तिकडची सवय आहे तुम्हाला, सगळं आत्ता जातंय की मग जातंय—"

आणि लाइट गेली. इस्पितळाची लाइन असली म्हणून काय, आमची पण जातेच की. नेरियोचं तोंड विझलं.

आता बघ, इथं माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी लिस्बेइदानं तेच सगळं लिहून पाठवलं. कामाच्या यादीत, तारखेसकट. मला वाचून दाखवलं होतं, पाठवायच्या आधी. दोन्हीतलं एक ठेव, नाहीतर लोकांच्या प्रती जातील, असं. नेरियोनं खाली अंगठा टाकला. तो छोटा पिवळा अंगठा असतो ना, बरं म्हणायचा, तो. आणि आठवड्याभरात तिकडच्या दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं जे करायचं ते. खिडकी गेली, सफाई लगेच. हिला विचारलंसुद्धा नाही.

मग तो ओव्हिदियो. तिकडच्याच पेरेइरा गावचा आहे म्हणे, कॉफी मोजायच्या काट्यांचे प्रोग्राम लिहितो. भला माणूस असणार. वेला लावून आठच महिने झालेले, पण आकडा वर्षभराचा ठेवला होता, तीनशे पासष्ट दिवस. त्याला वाटलं, अजून जास्त ठेवू, सातशे करू. जास्त ठेवायला गेला, लक्षात घे. खिडकी उघडली, तीनशे पासष्टचा मागचा अंक खोडला. राहिले छत्तीस. अजून एक खोडला. राहिले तीन. वेलानं वाचलं, तीन दिवस. आणि तीन दिवसांच्या मागचं सगळं झाडून टाकलं. बिचाऱ्यानं सात हा आकडा लिहीपर्यंत घर रिकामं. आठ महिन्यांचं मागचं काम, सगळ्या जुन्या प्रती, परत आणायला काही नाही. कुणी विचारलं नाही, जाऊ देऊ का म्हणून. विचारणारी खिडकी असती तर त्यानं ते मोठं रंगीत बटण दाबलं असतं, माझ्यासारखं, आणि सगळं राहिलं असतं.

ओव्हिदियोनं सगळीकडे लिहिलं. लिहिणारच. अजून दहा-बारा जणांचं तसंच झालेलं निघालं. कंपनीत धावपळ. आणि नेरियो काय म्हणाला माहितीये? म्हणाला, मूळ खिडकीच चुकीची आहे, रद्दचं बटणच नाही, ही तिकडची सवय आहे, ज्यानं केली त्याला साधी खिडकी करता येत नाही. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

त्यानं एक मजकूर पाठवला. लिस्बेइदानं तो वेलाच्या पानावर आपल्या नावानं टाकायचा, जिथं सगळे वाचतात तिथं. की चूक सगळी माझी, अनुभव कमी पडला, कंपनीचा दोष नाही. शुक्रवारपर्यंत टाकला तर नोकरी राहील. नाही टाकला तर नाही.

आता मी माझंच सांगते, कारण दुसऱ्याला शिव्या घालायच्या आणि आपलं झाकायचं हे मला जमत नाही. तिनं मला ते वाचून दाखवलं तेव्हा मीच म्हटलं, "टाक. दोन म्हाताऱ्या आहेत घरात. नावानं पोट भरत नाही." ती म्हणाली, "तुम्ही पण, आजी?" एवढंच. आणि आपलं सगळं आवरून, वायरी गुंडाळून घरी गेली. लाइट नसलेल्या घरी. दोन दिवस आली नाही. ते टेबल रिकामं बघून माझे टाके वाकडे पडत होते. कॉलर उलटी लावली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. उसवत बसले आणि तेव्हा मला राग आला, आधी माझाच. मी कुणाची शिकवण देतेय हिला? कुणी माझ्या शिवलेल्या शर्टाच्या बाह्या कापल्या आणि म्हणाले, एग्ला, लिहून दे की तूच आखूड शिवल्यास, तर मी दिलं असतं लिहून? कात्री घेऊन मागे लागले असते.

गुरुवारी नेरियोचा फोन मला आला. मला.

"मावशी, तुमचं ऐकते ती. एक सही आहे नुसती. मी तिला नंतर सांभाळून घेईन."

"तू तो अंगठा टाकला होतास की नाही?" मी म्हटलं.

"कसला अंगठा?"

"पिवळा. तिनं लिहून कळवलं होतं त्याच्याखाली."

त्यावर म्हणाला, "मावशी, माझे कागद या नोकरीवर आहेत. दोन पोरं आहेत. मला काढलं तर मी या देशात राहू शकत नाही." आवाज खरा होता. खोटं सांगत नाही, मला वाईट वाटलं. लहानपणी ताट फोडायचा तेव्हा असाच आवाज काढायचा.

"मग अर्धं तुझं अर्धं तिचं, असं लिहा दोघांनी मिळून," मी म्हटलं. "ती कबूल करेल तिचं. तिला ओळखत नाहीस का तू."

"तसं चालत नाही, मावशी. एकाचं नाव लागतं."

"एकाचं लागतं तर तुझं लाव की. तू साहेब आहेस ना."

"तुम्हाला यातलं कळत नाही."

"मला खिडकी कळते, नेरियो. मी बसले होते त्या खुर्चीत. तू तिकडे गेल्यावर तुला माझ्यासारखी वाचता न येणारी माणसं दिसेनाशी झाली, एवढंच." आणि फोन ठेवला.

मग मीच गेले तिच्याकडे, चालत, गुडघा दुखत असताना. ती अंगणात बसली होती, पाय पाण्याच्या बादलीत घालून. मी म्हटलं, "मी चुकीचं सांगितलं. मी ते परत घेते."

"बसा," म्हणाली. नेल्वा आतून ओरडली, "एग्ला, तूच समजाव हिला, भूक लागली की नाव खाणार आहोत का आम्ही?" मी म्हटलं, "नेल्वा, तू आत बस, आज समजावायला नाही, ऐकायला आलेय."

लिस्बेइदा म्हणाली, "आजी, त्यातली अर्धी चूक माझी आहेच. तुमच्या मशिनीचा ताण बदलला की तुम्ही आधी चिंधीवर टाके मारून बघता. मी लोकांना चिंधी दिलीच नाही. लिहीत असतानाच आकडा धरायचा नव्हता मी. लाइटच्या भीतीनं धरला. ओव्हिदियोनं मला शिव्या दिल्या तर त्या अर्ध्या शिव्या माझ्या. पण अर्ध्याच."

"मग तेवढंच लिही," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी ती परत माझ्याकडे आली, टेबल मांडलं, आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलं. पहिलं तिचं: की मी आकडा अंकाअंकानं साठवला, बदल करून बघायला जागा दिली नाही, ज्यांचं गेलं त्यांची मी माफी मागते. मग दुसरं: की विचारणारी खिडकी होती, ती काढली गेली, सफाई लगेच केली गेली, मी अमक्या तारखेला लेखी सांगितलं होतं. नेरियोचं नाव नाही लिहिलं तिनं. मी म्हटलं, लिही. म्हणाली, "त्याची पोरं आहेत." तिचं मन मोठं असेल. माझं नाही, म्हणून मी लिहवून घेतेय.

तिचं ते सकाळी आठला पानावर गेलं. दुपारी बाराला काढलं गेलं. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते तेवढ्यात. एकला तिला कामातून काढल्याचं आलं. आणि संध्याकाळी तिनं मला पडदा दाखवला, वेलाच्या पानावर 'केलं कुणी' त्या जागी कंपनीचं नाव. सात वर्षं माझ्या शेजारी बसून जिनं केली तिचं नाव कुठंच नाही. शोधून दाखवा म्हणाली, आजी. मला वाचता येत नाही, तरी मी बोट फिरवत शोधत बसले, बघ.

नेरियो आहे तिथंच आहे. त्याच्या आईला मी रस्त्यात भेटते, बोलते, तिचा काय दोष. पण तो पुढच्या वेळी आला आणि माझ्या दारात उभा राहिला तर काय करीन ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

लिस्बेइदा आता तीन दिवस झेरॉक्सच्या दुकानात जाते, हात पुन्हा काळे. उरलेले दिवस इथं. नवा तुकडा करतेय, नाव अजून ठेवलं नाही. त्याच्या खिडकीत तू जे लिहितेस ते लगेच जपून ठेवतात, लाइट गेली तरी जात नाही, पण ते नुसतं जपलेलं, चिंधीवरचं. 'लावा' म्हटल्याशिवाय लागत नाही. काल मला पुन्हा खुर्चीत बसवलं. "आजी, काय दाबाल?" मी मुद्दाम अर्धा तास लावला, चहा मागितला, मग दाबलं. बरोबर होतं.

पण ती अजून एका गोष्टीनं झुरते आणि ती मला बघवत नाही. ओव्हिदियोला तिचं म्हणणं कधी पोचलंच नाही. ते चार तास पानावर होतं तेव्हा त्यानं पाहिलं की नाही कुणाला ठाऊक. पत्ता कंपनीजवळ, आणि ती देत नाही. तो माणूस अजून समजतो की माराकाइबोतल्या कुठल्या बाईनं बेफिकिरीनं त्याचे आठ महिने पुसले.

म्हणून हे वाचणाऱ्यांनो, तुमचं कुणी पेरेइराला असेल, कॉफीच्या धंद्यात असेल, काट्यावर मोजणारा असेल, तर विचारा. ओव्हिदियो म्हणून आहे, आडनाव आम्हाला माहीत नाही. त्याला सांगा, लिस्बेइदा फिनोलनं माफी मागितलीय, तिच्या अर्ध्याची. उरलेली अर्धी तिची नव्हती. आणि हेही सांगा, ती वेला अजून त्याच्याकडे असेल तर आकडा एकेक अंक खोडून बदलू नकोस म्हणावं, पूर्ण आकडा दुसरीकडे लिहून, उचलून, जुन्याच्या जागी एकदम ठेव. ती खिडकी अजून तशीच आहे, कंपनीनं नीट केलेली नाही. एवढं त्याला नक्की पोचवा.